सागवान नको, वजनकाटा घ्या : घरी पट्ट्यांची होडी बांधताना

कोल्हापुरात होडी बांधतोय म्हटलं की तीन प्रश्न ठरलेले. "समुद्र कुठाय?" "सागवान वापरताय नव्हं?" आणि "पुराला उपयोगी पडंल की!" पहिल्याचं उत्तर सोपं. रंकाळा आहे, कळंबा आहे, राजाराम तलाव आहे, राधानगरीचा लक्ष्मी तलाव आहे, पंचगंगा तर आहेच. पाण्याला आपल्याकडे तोटा नाही. सागवानाचा प्रश्न पुढे बराच वेळ खाणार आहे. पुराचं शेवटी बोलू.

मी सुतार नाही. फुलेवाडीच्या पुढे, मागे ऊस असलेल्या घरात राहतो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये १५ फुटी कॅनो बांधली. कॅनो म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, वल्ह्यानं चालणारी होडी. दोन हंगाम गेले. त्यातला पहिला निव्वळ चुकांत गेला, आणि त्या चुका तुम्ही पुन्हा करू नयेत म्हणून हे लिहितोय.

आधी पद्धत समजून घ्या. १५-१६ आडवे फर्मे, म्हणजे होडीच्या आडव्या छेदाच्या आकाराचे प्लायचे साचे, ओळीत उभे करायचे, त्यांच्यावर ६ मिमी जाडीच्या लाकडी पट्ट्या एकीला एक चिकटवत जायचं, बाहेरून काचतंतूचं कापड इपॉक्सीत (हार्डनर मिसळला की टणक होणारं रेझिन) बसवायचं, होडी उलटी करून फर्मे काढायचे आणि आतूनही तेच कापड. आत बरगड्या नाहीत, खिळे नाहीत. पुठ्ठ्याचा खोका आठवा: दोन बाजूंना कागद, मध्ये लाटा. ताकद कागदांची, मधला थर त्यांना एकमेकांपासून लांब धरतो. इथे लाकूड हा मधला थर आहे. हे डोक्यात बसलं की निम्म्या सल्ल्यांना हसून मान डोलावता येते.

जमवायचं सामान

हत्यारं: छोटा रंधा, धारदार पटाशी, गुण्या, ओळंबा, पाण्याची लेव्हल ट्यूब, स्टेपल गन, राउटर, रँडम ऑर्बिटल सँडर, डझनभर सी-क्लॅम्प, आणि एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल वजनकाटा. यातलं काही उसनं मिळेल. काटा मात्र स्वतःचा घ्या, तो परत देण्याच्या लायकीचा उरत नाही.

माल: लाकूड, फर्म्यांसाठी १२ किंवा १८ मिमी प्लाय, पाणी सोसणारा फेव्हिकॉल, २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम) विणलेलं ग्लास कापड, ८ ते १० किलो इपॉक्सी हार्डनरसह, यूव्ही रोखणारं मरीन व्हार्निश, नायट्राइल हातमोज्यांचे दोन मोठे खोके, एन-९५ मास्क, खाकी पॅकिंग टेप. माझा निम्म्याहून जास्त खर्च इपॉक्सी आणि कापडात गेला. लाकडात नव्हे.

१. जागा आणि हंगाम

१५ फुटांच्या होडीला किमान २० फूट लांब आणि १० फूट रुंद जागा लागते, कारण दोन्ही बाजूंनी फिरता आलं पाहिजे. पेठेत राहत असाल तर एक काम आजच करा. १५ फुटी बांबू घ्या आणि शेडपासून मोठ्या रस्त्यापर्यंत आडवा नेऊन बघा. जिना, बोळ, शेजाऱ्याची गॅलरी, सगळं आडवं येतं. होडी झाल्यावर भिंत फोडण्यापेक्षा हे स्वस्त.

दसऱ्याला नकाशा आणि फर्मे, दिवाळीनंतर पट्ट्या, फेब्रुवारीत इपॉक्सी, पाडव्याला व्हार्निश असा हिशेब ठेवा. जूनपासून दमट हवेत लाकूड फुगतं आणि इपॉक्सीवर मेणचट थर येतो. डिसेंबरच्या थंड रात्री रेझिन मधासारखं घट्ट होतं, कापडात मुरत नाही.

२. नकाशा छापणं

होडीच्या आकाराचे नकाशे विकतही मिळतात, फुकटही. पहिल्या खेपेला स्वतः आकार काढायच्या भानगडीत पडू नका. पूर्ण मापाची छपाई गावात सहज होते. वाढदिवसांचे डिजिटल बोर्ड छापणारी दुकानं पावलोपावली आहेत. फक्त फ्लेक्सवर छापू नका, तो ताणला जातो. कागदावर घ्या. मशीनवरचा पोरगा सवयीनं "पानात बसवतो" म्हणेल, त्याला थांबवा. नकाशावर मापाची रेघ असते, ती दुकानातच टेपनं मोजा. माझी १०० सेंटिमीटरची रेघ ९७ भरली होती, आणि हे मला अकरा फर्मे कापून झाल्यावर कळलं.

दुसरा सापळा: नकाशा होडीच्या बाहेरच्या मापाचा आहे की फर्म्याच्या? बाहेरच्या मापाचा असेल तर पट्टीची ६ मिमी जाडी कडेनं वजा करायची.

फर्मे कापायला फर्निचरवाल्याकडे जाऊ नका. शिवाजी उद्यमनगरात फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करणारे कारागीर आहेत. त्यांना अर्ध्या मिलिमीटरची किंमत माहीत असते, आणि वाकड्या आकाराला ते घाबरत नाहीत.

३. पाया आणि फर्मे

पाया म्हणजे एक लांब, सरळ, न हलणारी तुळई. मी दोन इंच बाय चार इंच लोखंडी बॉक्स पाइप वापरला, खाली दोन घोड्या. मध्यरेषा दोरीनं मारा, उंची लेव्हल ट्यूबनं जुळवा. फर्मे दर ३० सेंटिमीटरवर, होडी पालथी असल्यासारखे.

इथे एक गोष्ट कुणी सांगत नाही. प्रत्येक फर्म्याला जाडी असते, मग मापाच्या रेषेच्या अलीकडे लावायचा की पलीकडे? फर्मा नेहमी रेषेच्या त्या बाजूला बसवा जी होडीच्या मध्याकडे आहे. होडी टोकाकडे अरुंद होत जाते, म्हणून पट्टी बरोबर रेषेवरच्या कडेला टेकते. उलट लावलात तर फर्म्याची दुसरी कड पट्टीला बाहेर ढकलते आणि होडीला पोट सुटतं.

कडांना खाकी टेप लावा, गोंद तिला धरत नाही. मग एक लांब पट्टी फर्म्यांवर वाकवून धरा आणि टोकाला बसून एक डोळा मिटून बघा. पट्टी प्रत्येक फर्म्याला टेकली पाहिजे. जिथे फट दिसते तिथे पातळ पुठ्ठा घाला, जिथे उचलते तिथे फर्मा घासा. या कामाला दोन रविवार द्या. इथे राहिलेला बाक पुढे कितीही घासलं तरी जात नाही.

४. लाकूड

आता सागवान. वखारीत मी तोंड उघडायच्या आत मालक म्हणाले, "साहेब, पाण्यात जायचं म्हणजे सागच." घराची चौकट असती तर मीही मान डोलावली असती. पण हिशेब करू. १५ फुटी होडीचं अंग साधारण पाच चौरस मीटर. गुणिले ६ मिमी, म्हणजे ०.०३ घनमीटर लाकूड. परदेशात यासाठी वापरतात तो वेस्टर्न रेड सेडार घनमीटरला ३७० किलोच्या आसपास, म्हणजे ११ किलो. साग ६५० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ २० किलो. नऊ किलो जादा, आणि बदल्यात काय? सागाचा गुण पाण्यात न कुजण्याचा. इथे लाकडाला पाणी लागतच नाही, ते दोन्हीकडून इपॉक्सीत बंद असतं. वर साग तेलकट, चिकटवण्याआधी दर वेळी अॅसिटोननं पुसावा लागतो.

मी शिवण घेतली. हलकी, पिवळट, रंध्याखाली सरळ निघणारी आणि फारशी न पिळणारी. चांगला पाइनही चालतो, पण पॅकिंग पेट्यांच्या पाइनमध्ये गाठी असतात, आणि गाठ आली की ६ मिमीची पट्टी बिस्किटासारखी मोडते. सागाची हौस मीही भागवली, दोन्ही अंगांना एकेक पट्टी, साडीच्या काठासारखी.

लाकूड वाळलेलं हवं. वखारीत "वाळलंय" हा शब्द फार सैल अर्थानं वापरतात. ओलावा मोजायचं मीटर उसनं आणा. १२ टक्क्यांच्या आसपास असेल तरच उचला. पक्कं बिल मागा. विनाबिलाच्या लाकडाची वाहतूक म्हणजे वाटेत वनखात्याला उत्तरं देणं.

५. पट्ट्या फाडणं

पट्टी २० मिमी रुंद, ६ मिमी जाड. २० मिमी जाडीच्या फळीतून ६ मिमीच्या चिरफळ्या काढायच्या. करवतीचं पातं ३ मिमी लाकूड भुशात घालवतं, म्हणजे एका पट्टीला ९ मिमी लागतात. १५ सेंटिमीटरच्या फळीतून फार तर १६ पट्ट्या. दोन्ही अंगं मिळून ७५ च्या आसपास लागतात, मी ९० फाडल्या आणि ६ उरल्या.

एवढी लांब फळी मिळाली नाही तर तिरका सांधा करा, एकास आठ. ६ मिमीच्या पट्टीला पाच सेंटिमीटरचा उतार झाला. शेजारच्या पट्ट्यांचे सांधे एका ओळीत आणू नका.

मग राउटरवर एका कडेला गोलाई आणि दुसऱ्या कडेला पन्हळ. त्यामुळे पट्ट्या एकमेकींत बसून वळतात. गोलाई आधी, पन्हळ नंतर. उलट केलंत तर पन्हळीच्या पातळ कडा दुसऱ्या फेरीत चेपतात.

६. पट्ट्या बसवणं

हा सगळ्यात आनंदाचा भाग आहे, आणि सगळ्यात लांबणाराही. पहिली पट्टी काठापासून, पन्हळ वर. पन्हळीत गोंदाची बारीक धार, पुढची पट्टी दाबून बसवायची, प्रत्येक फर्म्यावर एक स्टेपल. स्टेपलखाली प्लास्टिकच्या पॅकिंग पट्टीचा तुकडा ठेवा. नंतर ती पट्टी ओढली की स्टेपल आपोआप निघतं. डावीकडे एक, उजवीकडे एक असं चाला. एकाच बाजूला चार-पाच चढवल्या तर फर्मे पिळतात.

रोज संध्याकाळी कामावरून येऊन दोन पट्ट्या, एवढाच माझा वेग होता. आई दारात बसून मोजायची. एकदा मी एकच लावली तर जेवताना विचारलं, "आज खाडा का?"

बाहेर ओघळलेला गोंद त्याच वेळी ओल्या फडक्यानं पुसा. वाळल्यावर तो लाकडापेक्षा टणक होतो, सँडर गोंदावरून घसरतो आणि शेजारचं मऊ लाकूड खातो. आतून पुसता येत नाही म्हणून सोडलेले ओघळ मला पुढे आठ दिवस घासावे लागले.

तळ बंद करताना पट्ट्या टोकाला निमुळत्या होत जातात. इथे घाई नको. प्रत्येक टोक रंध्यानं थोडं काढायचं, लावून बघायचं, परत काढायचं. तळाच्या मधोमध शेवटी एक भाल्याच्या पात्यासारखी फट उरते. तिचा कागदी साचा घ्या, तुकडा किंचित मोठा कापा आणि घासत घासत बसवा. माझा तिसऱ्या प्रयत्नात बसला आणि शेजाऱ्यांना पेढे गेले.

७. घासणं

स्टेपल काढा, आधी रंधा, मग ८० चा पेपर, मग १२०. डोळ्यावर विसंबू नका. डोळे मिटून तळवा फिरवा, उंचवटा हाताला आधी कळतो. सहा मिलिमीटरपैकी एकापेक्षा जास्त घासू नका. मास्क लावा. स्टेपलची भोकं बुजवायच्या नादी लागू नका, इपॉक्सीखाली ती ठिपक्यांच्या रांगोळीसारखी दिसतात आणि बरी दिसतात.

८. इपॉक्सी आणि कापड

होडी इथे होते किंवा बिघडते. म्हणून सावकाश वाचा.

दुकानात "फायबरचं रेझिन द्या" म्हणालात तर पॉलिस्टर मिळेल, सोबत कोबाल्ट आणि हार्डनरची बाटली. गाड्यांचे बंपर आणि पाण्याच्या टाक्यांसाठी ते ठीक. लाकडाला ते नीट धरत नाही, काही हंगामांत कापड सालीसारखं सुटतं. "इपॉक्सी" असंच म्हणा आणि डबा वाचा. तसंच कापड विणलेलं घ्या. विस्कटलेल्या तंतूंची चटई स्वस्त असते, पण तिला बांधणारी पावडर पॉलिस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळते, इपॉक्सीत नाही. ती पांढरीच राहते.

प्रमाण. आपल्याकडे सहज मिळणारं लॅपॉक्स एल-१२ (रेझिन) आणि के-६ (हार्डनर) वजनानं १०० ला १० असं मिसळतात. दुसरं घेतलंत तर त्याच्या डब्यावरचं प्रमाण पाळा. पॉलिस्टरवर काम केलेले लोक सांगतात, "लवकर वाळायला हार्डनर जास्त घाल." इपॉक्सीत हे चालत नाही. २०० ग्रॅमला २० ग्रॅम लागतात. त्यात ४ ग्रॅम इकडेतिकडे झाले म्हणजे पाचवा हिस्सा चुकला, आणि तो भाग कायमचा चिकट राहतो. वजनकाटा म्हणून. दोन मिनिटं कडा खरवडत ढवळा, मग दुसऱ्या भांड्यात ओतून परत ढवळा.

एका वेळी २०० ग्रॅमपेक्षा जास्त मिसळू नका, आणि मिसळलं की पसरट ट्रेमध्ये ओता. मी एकदा अर्धा किलो मिसळून मगातच ठेवलं आणि ब्रश शोधायला गेलो. परत आलो तर मगातून धूर निघत होता, प्लास्टिक एका बाजूला लोंबलेलं, आणि आतला गोळा तडकताना टिकटिक आवाज करत होता. तो मग अजून फळीवर ठेवलाय.

वेळ. पत्र्याचं शेड सकाळी तापत जातं. लाकूड तापलं की त्यातली हवा फुगून ओल्या इपॉक्सीतून बुडबुडे काढते. मी हौसेनं सकाळी नऊला सुरुवात केली, अकरापर्यंत अख्ख्या तळावर घामोळं उठल्यासारखं झालं. दुपारी चारनंतर, हवा उतरत असताना लावा. तेव्हा लाकूड श्वास आत घेतं आणि रेझिनही आत ओढतं.

पण संध्याकाळचा एक वैरी आहे. ऊसतोडीचा हंगाम चालू असतो, तुटलेल्या फडातलं पाचट संध्याकाळी पेटवतात. पहिल्या वर्षी कापड बसवून झालं, दिव्याखाली होडी काचेसारखी चमकत होती, आणि मागच्या रानात जाळ झाला. काळी, हलकी, पिसासारखी राख पत्र्याच्या फटीतून तरंगत आली आणि एकेक पीस ओल्या इपॉक्सीवर अलगद बसलं. काढायला गेलं की काळी रेघ उमटायची. सगळं घासून पुन्हा करेपर्यंत पाऊस आला आणि तो हंगाम गेला. दुसऱ्या वर्षी मी रानाच्या मालकांकडे आधी गेलो. "आण्णा, ह्या तीन दिवसांत पेटवू नका," म्हटलं. त्यांनी ऐकलं. शेडला आतून प्लास्टिकचा कागदही मारला.

कृती अशी. आधी नुसत्या इपॉक्सीचा एक पातळ हात, वाळल्यावर हलकं घासणं. मग कोरडं कापड अंथरून हातानं सुरकुत्या काढा. मधून टोकांकडे इपॉक्सी पसरत जा. एकानं फक्त मिसळायचं, दुसऱ्यानं फक्त लावायचं. कापड भिजलं की दिसेनासं होतं आणि लाकूड वर येतं. पांढरं राहिलं तिथे रेझिन कमी. प्लास्टिकच्या पट्टीनं जादाचं रेझिन निपटून काढा. कापड तरंगलं तर नुसतं वजन वाढतं. थर चिकट असतानाच दुसरा आणि तिसरा हात द्या. रात्र मध्ये गेली तर आधी साध्या पाण्यानं आणि घासणीनं मेणचट थर धुवा, मगच सँडपेपर. न धुता घासलं तर तो थर आणखी आत रगडला जातो.

हातमोजे काढू नका. इपॉक्सीची अॅलर्जी एकदा जडली की जन्मभराची. हाताला लागलं तर साबण-पाणी. थिनरनं पुसलं तर ते कातडीतून आतच जातं.

९. आतली बाजू, काठ, बैठक

फर्मे काढल्यावर होडी लवचीक असते. तोंड पसरू नये म्हणून वर दोन आडव्या काठ्या बांधा. आतलं कापड बाहेरच्यापेक्षा अवघड, टोकांत ते ताठ राहून खाली पोकळी धरते. तिथे अरुंद तुकडे वापरा. काठाच्या पट्ट्या मात्र खुशाल सागाच्या करा, त्या दगडावर घासतात. बैठकीला बाजेची नायलॉन नवार विणली, सुती नको. बैठक काठापासून चांगली खाली ठेवा, बसणारा जितका उंच तितकी होडी डगमगते. दोन्ही टोकांत थर्माकोलचे ठोकळे बंद करून टाका. पाणी भरलं तरी होडी तरंगली पाहिजे.

१०. व्हार्निश

इपॉक्सी उन्हात पिवळी पडून भुगा होते, म्हणून यूव्ही रोखणाऱ्या मरीन व्हार्निशचे तीन हात. फर्निचरचं मेलामाइन नको. माझी होडी सगळं मिळून २९ किलो भरली. एकटा डोक्यावर घेऊन चालतो.

११. पाण्यात नेण्याआधीचे कागद

तलाव ज्यांच्या ताब्यात, त्यांची लेखी परवानगी. रंकाळ्यासाठी महापालिका, धरणांसाठी जलसंपदा विभाग, राधानगरीला अभयारण्याची हद्द लागते म्हणून वनखातंही. मी दिलेले कागद: साधा अर्ज, आधारची प्रत, होडीचे चार बाजूंनी फोटो, लांबी-रुंदी-वजन, लाकडाचं आणि लाइफ जॅकेटांचं बिल. एका कार्यालयात "लाकडी होडी" हा रकानाच नव्हता आणि मला तीन चकरा पडल्या. पोचपावती घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. इंजिन बसवायचा विचार असेल तर आत्ताच सोडा. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यांत्रिक होड्यांना तपासणी आणि नोंदणी आहे, आणि या होडीचं अंग त्यासाठी केलेलंही नाही.

पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, मुद्दाम उलटून बघा.

आणि पुराचं. जुन्या लोकांनी गुऱ्हाळाच्या काहिलीतून पूर ओलांडलाय, मग ही का नको, असं मला दर जुलैला विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. तेवढ्या पाण्याखाली तारेची कुंपणं, लोखंडी अँगल, विजेचे खांब, मोडलेली झाडं असतात आणि वर ओढ. काहील लोखंडाची असते. हिच्या अंगाचं लाकूड घासून पाच मिलिमीटर उरलंय. पावसाळ्यात ती शेडच्या कैच्यांना दोन रुंद पट्ट्यांवर पालथी टांगलेली असते, प्लास्टिकमध्ये न गुंडाळता, वारा लागेल अशी. कुणी मागायला आलं की मी वर बोट दाखवतो आणि चहा ठेवतो.